स्वमग्न मुलांचे उपचार : कोठे जावे, काय टाळावे

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा अशा अनेक विषयांवर व्याख्याने झाली. स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला ऑटिझम म्हणतात, हा विषय येथे बहुधा प्रथमच येत आहे. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून काम करतो. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आमचा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. तो आता पंधरा वर्षांचा आहे, आणि गेली बारा वर्षे आम्ही उभयता त्याच्यासाठी दवाखाने, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहोत. कार्यकारिणीने "तुमचा अनुभव सांगा" असे सुचविले होते. अनुभव सांगूच, परंतु माहिती अधिक सांगू. कारण आपल्या वस्त्यांत अशी मुले आहेत आणि त्यांचे आईवडील आज नेमके त्याच वळणावर उभे आहेत जेथे आम्ही बारा वर्षांपूर्वी होतो.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. १९४३ साली अमेरिकेतील लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांच्या निरीक्षणावर एक निबंध लिहिला आणि या अवस्थेला वेगळे नाव मिळाले. मूल दिसायला इतर मुलांसारखेच असते. पण दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणे, हाक मारल्यावर वळणे, बोटाने दाखवून "ते बघ" म्हणणे, खेळात दुसऱ्याला सामील करणे या ज्या गोष्टी इतर मुले न शिकवता शिकतात, त्या याला शिकवाव्या लागतात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, रोजच्या क्रमात बदल सहन न होणे, कुकरच्या शिट्टीने कान दाबून घेणे हेही असते. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. तिच्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. कोणी संपूर्ण बोलतो आणि पदवीधरही होतो, तर कोणाला आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागतो.

हे आईच्या दुर्लक्षामुळे होते असे एके काळी विद्वानसुद्धा सांगत. ब्रुनो बेटलहाइम नावाच्या लेखकाने १९६७ मध्ये त्यावर आख्खे पुस्तक लिहिले आणि हजारो आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तो सिद्धांत शास्त्राने केव्हाच टाकून दिला आहे. आमच्याकडे मात्र आईला दोष देण्यासाठी बेटलहाइम वाचण्याची गरज पडली नाही, नातेवाईक पुरेसे होते. "गरोदरपणी हिने ग्रहण पाळले नाही" इथपासून "हिने मुलाला मोबाईल दिला" इथपर्यंत सर्व कारणे आमच्या पत्नीने ऐकली. मोबाईलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र लहान मुलाच्या हातातून तो काढून घ्यावा हे खरे, कारण तेवढा वेळ त्याच्याशी बोलण्यात जातो.

हे दुर्मिळ आहे असेही समजू नये. २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांची देशातील पाच ठिकाणी पाहणी झाली, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवा जिल्हाही होता. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून शंभर मुलांमागे सुमारे एक असे प्रमाण निघते. आपल्या सभासदांच्या कुटुंबांची संख्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशेब समजेल.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना नावाने हाक मारली तर वळत नसे. पण बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की दुसऱ्या खोलीतून धावत येई. पाहुणे म्हणत, बहिरा असेल. आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात होतो ते म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, शाळेत घाला म्हणजे बोलेल. यात एक वर्ष गेले. म्हणून आयांना आम्ही सांगतो की खुणा लक्षात ठेवा. मूल एक वर्षाचे झाले तरी नावाला ओ देत नाही. दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवीत नाही, एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. किंवा आधी येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर थांबू नये. यातील शेवटची खूण दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. या खुणा म्हणजे निदान नव्हे, तपासणीला जाण्याचे कारण आहे.

जायचे कोठे? हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. सरकारी वाट अंगणवाडीपासून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी करणारी पथके या कार्यक्रमात असतात, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. "आमचा गोंधळ घालतो, लाज वाटते" म्हणून आया नेमक्या त्याच दिवशी मुलाला घरी ठेवतात. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरील शीघ्र निदान व उपचार केंद्रात व्हावी अशी या कार्यक्रमाची रचना आहे. म्हणून नाशिककरांनी प्रथम त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तेथे, बालरोग विभागात जाऊन या केंद्राची चौकशी करावी.  रांग मोठी आहे, हेही सांगून ठेवतो.

पहिली तपासणी कानांची. मूल ऐकते आहे याची खात्री यंत्राने करावी लागते. टाळी वाजवून चालत नाही. बेरा नावाची चाचणी असते, मूल झोपलेले असताना करतात. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था ही श्रवण व वाचेची राष्ट्रीय संस्था आहे, तेथेही ही सोय आहे. ऐकू येत असूनही प्रतिसाद नसेल तर पुढे बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. निदान निरीक्षणावर आणि आईवडिलांशी सविस्तर बोलून होते. रक्ताच्या एखाद्या तपासणीत ते दिसत नाही. डोक्याचा एम.आर.आय. प्रत्येक मुलाला लागत नाही. झटके येत असतील, डोक्याचा आकार वेगळा असेल, किंवा डॉक्टरांनी तसे काही कारण सांगितले तर अवश्य करावा. पण कारण विचारावे. विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

नाशिकहून मुंबईला जाणे म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. सकाळी नाशिकरोडला गाडी धरायची, सायनला किंवा परळच्या वाडियाला रांग लावायची, संध्याकाळी त्याच गाडीने परत. ज्या मुलाला गर्दी आणि आवाज सहन होत नाही त्याला घेऊन हा प्रवास काय असतो ते विचारू नका. डब्यात तो ओरडू लागला की लोक म्हणत, "एक ठेवून द्या." काही भल्या माणसांनी जागाही दिली आहे. मुंबईला एकदा नीट निदान करून घ्यावे, उपचाराचा आराखडा लिहून घ्यावा, आणि आठवड्याचे काम नाशिकमध्येच करावे. दर आठवड्याला मुंबई गाठणारी दोन कुटुंबे आमच्या माहितीत होती. सहा महिन्यांत दोन्ही थकली.

आता उपचारांविषयी. स्वमग्नता मुळापासून घालविणारे औषध नाही, हे आजच्या घडीचे सत्य आहे. जगातील कोणत्याही देशात नाही. जे आहे ते शिक्षण आहे. वाचा-उपचार, व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, वर्तनोपचार, विशेष शिक्षण. शब्द मोठे असले तरी आत काय चालते ते साधे आहे. मुलाने चेंडू हातात धरून तुमच्याकडे पाहिले की लगेच "दे" म्हणायचे आणि त्याने दिल्यावर हसायचे, हे दिवसातून पन्नास वेळा. शर्टाचे बटण लावण्याचे सहा तुकडे करायचे आणि एकेक तुकडा महिनाभर शिकवायचा. बोलता येत नसेल तर चित्रांची कार्डे द्यायची : पाणी, भाकरी, शू, बाहेर. "कार्डे दिली तर पोरगं कधीच बोलणार नाही" असे आमची आई म्हणत असे. पुष्कळांना ही भीती वाटते. पण कार्डांमुळे बोलणे थांबते याला आधार नाही. आमच्या मुलाने साडेपाच वर्षांचा असताना पाण्याचे कार्ड आणून हातात दिले, तोवर तो तहान लागली की भिंतीवर डोके आपटत असे. ते कार्ड आजही स्वयंपाकघरात आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा कुरतडलेले. त्या महिन्यात डोके आपटणे जवळजवळ बंद झाले. आमच्या दृष्टीने एवढा मोठा उपचार दुसरा कोणताही झाला नाही आणि त्याला दीड रुपया खर्च आला.

येथे गोव्याचा एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. गोव्यात 'संगत' नावाची संस्था आहे. तिने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील गटाने मिळून एक अभ्यास केला, तो २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात छापून आला. ६५ मुले होती. तज्ज्ञ दुर्मिळ, म्हणून तज्ज्ञ नसलेल्या साध्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी आईवडिलांना स्वतःच्या मुलाबरोबर खेळतानाची चित्रफीत दाखवून, मूल काय सांगू पाहते आहे आणि त्याला उत्तर कसे द्यावे, हे शिकविले. आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून जास्त पुढाकार घेऊ लागली. मुले बरी झाली असा दावा कोणी केला नाही. पण डॉक्टरेट नसलेली बाई आणि दहावी नापास आई हे काम करू शकते, एवढे त्यातून दिसले. आपल्यासारख्यांना याचे महत्त्व फार, कारण एका गोष्टीचा विचार करा. समजा एका तासाचे ५०० रुपये, आठवड्याला चार तास. महिन्याचे ८,००० आणि वर्षाचे ९६,००० झाले. खाजगी कंपनीत कंत्राटी कामगार असलेला बाप हे कोठून देणार? म्हणून तज्ज्ञाकडे आठवड्याला एकदाच गेले तरी चालेल, परंतु आईने किंवा बापाने खोलीच्या बाहेर बाकावर बसून राहू नये. आत बसू द्या म्हणावे. आत बसू देत नाहीत तेथे दुसरी जागा पाहावी.

आणि समोरची व्यक्ती शिकलेली आहे ना, हे पाहावे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी तिच्याकडे होते. नोंदणी क्रमांक मागावा. आजकाल गल्लोगल्ली थेरपीच्या पाट्या लागल्या आहेत.

औषधे अजिबात नाहीत असे मात्र नाही. फार चिडचिड, स्वतःला इजा करून घेणे, दुसऱ्याला मारणे यासाठी रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल यांसारखी औषधे डॉक्टर देतात. त्यांनी वर्तन शांत होते, बोलणे येत नाही. वजन वाढते, झोप येते, म्हणून अधूनमधून तपासण्या लागतात. पुष्कळ स्वमग्न मुलांना फिट्सचाही त्रास असतो. ती गोळी मात्र "आता बरे वाटते" म्हणून आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आता काय टाळावे त्याकडे येतो. खरे सांगायचे तर या भागासाठीच आम्ही आज उभे राहिलो.

आमचे काउंटर सोनेतारणाचे. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ पत्नीचे गंठण आणि आईच्या पाटल्या घेऊन आले. कर्जाचे कारण विचारावे लागते. ते म्हणाले, मुलाला 'सेल' भरायचे आहेत. चार वर्षांचा मुलगा, स्वमग्न. मोठ्या शहरातील एका केंद्राने स्टेम सेलचे इंजेक्शन सांगितले होते, रक्कम लाखांत, आणि एकदा नव्हे, तीनदा. आम्ही दागिने वजनाला घेतले नाहीत. त्यांना म्हटले, पाच मिनिटे थांबा, जेवणाची सुट्टी होते आहे. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही त्यांना आमच्या मुलाचा फोटो दाखविला. आम्हांलाही त्याच धाटणीचा प्रस्ताव आला होता, आम्ही तो स्वीकारला नाही, आणि का नाही ते सांगितले.

ते कारण असे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली स्टेम सेलबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या काही आजारांसाठी जे प्रत्यारोपण मान्य आहे ते सोडून बाकी सर्व वापर हे संशोधन समजावे, उपचार म्हणून विकू नये, असे त्यात आहे. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. बंधूंनो, खरे संशोधन असेल तर त्याची नोंदणी असते, नीतिमत्ता समितीची परवानगी असते, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तेथेच ओळखावे. ते गृहस्थ दागिने घेऊन परत गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, घरात भांडण झाले होते. त्यांची आई म्हणत होती की तो बँकेतला कारकून डॉक्टरपेक्षा शहाणा आहे का. आजीचे म्हणणे चुकीचे कसे म्हणावे? नातवासाठी पाटल्या काढून देणारी आजी ती. तिला आशा विकली जाते आणि आम्ही ती काढून घेतो, मग बदल्यात काय देतो? बदल्यात देण्यासारखे आमच्याकडे चित्रांची कार्डे आणि पुढील दहा वर्षांचे कष्ट एवढेच होते. त्यांनी कर्ज घेतले नाही. दुसरीकडून काढले की काय ते आम्ही विचारलेले नाही.

शरीरातील जड धातू काढतो म्हणून सलाईन देणारा किलेशन नावाचा प्रकारही आहे. २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा या उपचारात दगावला. त्याच्या वाटेला जाऊ नये. गहू आणि दूध बंद करण्याचे पथ्य पुष्कळ जण सांगतात. त्याने स्वमग्नता कमी होते असा भक्कम पुरावा नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण जे मूल मुळात चारच पदार्थ खाते त्याचे दूध तोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोवराच्या लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा १९९८ साली लंडनमधील एका डॉक्टरच्या निबंधातून निघाली, केवळ १२ मुलांवरून. तो निबंध २०१० साली त्याच नियतकालिकाने रद्द केला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढण्यात आले. लसी वेळेवर द्याव्यात.

आणि आपण नाशिककर. त्र्यंबकेश्वर जवळ, त्यामुळे शांती, नागबली सुचविणारे शेजारी आम्हांलाही भेटले. आपल्या समाजात ती पूजा कोणी करीत नाही असे म्हणून आपण मान ताठ करतो; परंतु गंडा बांधून आणलेली मुले आम्ही आपल्याच वस्तीत पाहिली आहेत. मुलाला "बाहेरची बाधा" म्हणून कोणी मारहाण केली, कोंडले, धूर दिला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात आहे. पोलीस ठाण्यात जावे.

कागदपत्रांकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण दाखला मिळविताना अनेक मुलांच्या कागदावर 'मतिमंद' असेच लिहिले जाई. आमच्या मुलाचा पहिला कागद असाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले आणि स्वमग्नतेला स्वतःचे नाव मिळाले. तपासणीसाठी भारतीय मोजपट्टी आहे, ४० मुद्द्यांची; ७० गुणांपासून पुढे स्वमग्नता धरतात. लहान मुलांना बहुधा मुदतीचा दाखला देतात, मुदत संपण्यापूर्वी पुन्हा जावे. अर्ज यूडीआयडीच्या संकेतस्थळावर भरायचा आणि तपासणीला रुग्णालयात जायचे. काही पालक म्हणतात, दाखला घेतला की शिक्का बसतो. शिक्का लोकांनी आधीच मारलेला असतो. दाखल्याने निदान सवलती तरी मिळतात.

काय मिळते? ४० टक्के व त्यावरील मुलांना ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ. गरीब कुटुंबांसाठी तहसील कचेरीतून संजय गांधी निराधार योजना. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि तिच्यात थेरपीचाही काही खर्च मिळतो, म्हणून ती मोलाची. महात्मा फुले योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, आठवड्याची थेरपी तिच्यात बसत नाही. निरामयचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, बिले जपून ठेवावी लागतात. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यांना अशा अवलंबितासाठी उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते आणि ८० टक्क्यांवरील दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची. आमच्याच शाखेतील एका सहकाऱ्याला ही वजावट माहीत नव्हती, तेव्हा इतरांचे काय!

आपल्या सभासदांत प्रेसचे, रेल्वेचे, जिल्हा परिषदेचे कर्मचारी पुष्कळ आहेत. निवृत्तिवेतन लागू असलेल्या कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला, ते स्वतः कमावू शकत नसेल तर, आईवडिलांच्या पश्चात तहहयात कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. त्याची नोंद नोकरीत असतानाच करून घ्या. बापाच्या मृत्यूनंतर आईने कचेरीत खेटे घालणे आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिले आहे.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते, आणि त्या दिवसापासून आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. हे फार थोड्यांना ठाऊक असते. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचा दाखला देते. तो दाखला घेऊन पालकाला बँकेत खाते उघडता व चालविता येते. रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच तसे बँकांना कळविले आहे. शाखेत कोणी "कोर्टाचा कागद आणा" म्हणाले तर या सूचनेचा उल्लेख करावा. आणि कृपा करून मोठी ठेव नुसती मुलाच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. सही कोण करणार, हे आधी ठरवा. आमच्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला तीन वर्षे आहेत. आमच्यानंतर पालक कोण, हा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही. थोरली मुलगी म्हणते, "पप्पा, मी आहे ना." ती एकोणीस वर्षांची आहे. तिच्या या शब्दावर तिचे आयुष्य बांधून टाकावे असे आम्हांस वाटत नाही, आणि दुसरे नावही सुचत नाही.

शाळेबद्दल थोडे. एका खाजगी शाळेने दोन महिन्यांत मुलगा परत केला. पुढे मनपाच्या शाळेतील बाईंनी त्याला दाराजवळची जागा दिली, घंटेआधी दोन मिनिटे त्याला बाहेर नेत, म्हणजे आवाजाने तो घाबरत नसे. चौथीपर्यंत तो तेथे होता. त्यासाठी कोणताही शासन निर्णय लागला नाही. त्यानंतर विशेष शाळा. नाशिकला या कामाची परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ साली येथे प्रबोधिनीची शाळा सुरू केली, तेव्हा ना हा कायदा होता ना दाखला. एका आईने सुरू केलेले काम शहराचे झाले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. विद्यार्थी मित्रहो, बारावीनंतर डॉक्टर-इंजिनियर यापलीकडे वाचा-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण हे अभ्यासक्रम आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यांनाही असते. आपल्या भाषेत, आपल्या वस्तीत येऊन काम करणारी माणसे हवी आहेत. आमच्या मुलाला शिकविणाऱ्या पहिल्या बाई इंग्रजीतूनच बोलत आणि घरी आम्ही मराठीत, त्यात त्याचे काही महिने गेले.

२०२७ मध्ये सिंहस्थाची गर्दी आहे. ही मुले गर्दीत हात सोडून जातात, नाव सांगू शकत नाहीत, पाण्याकडे ओढली जातात. खिशात चिठ्ठी पुरत नाही, ती काढून टाकतात. शर्टाच्या आतून नाव व फोन शिवून घ्यावा. आमच्या पत्नी हे काम कोणालाही विनामूल्य करून देतात.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. आम्ही पैसे मागत नाही. हे सभागृह रविवारी सकाळी दहा ते बारा रिकामे असते. ते या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी मिळावे. एक सतरंजी, खेळण्यांची एक पेटी, आणि दोन तास पंखे बंद ठेवण्याची परवानगी, कारण काही मुलांना त्या आवाजाचा त्रास होतो. अध्यक्ष महोदयांनी होकार दिला आहे असे आत्ताच कळले, त्याबद्दल आभार. तेव्हा येत्या रविवारपासून आम्ही उभयता येथे बसू. दाखल्याचा अर्ज भरायचा असेल त्यांनी मुलाचे आधारकार्ड, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा एक फोटो, आणि आजवरचे सर्व केसपेपर, फाटलेले असले तरी, बरोबर आणावेत. मुलालाही आणावे. तो ओरडला तरी चालेल.